लाल आकडे आणि बाबांचा कौल

थायनान, १२ ऑक्टोबर

चि. आ-श्योंग यास ताईचे आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहायला बसले. पत्र वाजत नाही, त्यामुळे ते वाजतंय वाजतंय म्हणून बायकोकडे बघून डोळे मिचकावायची सोय तुला नाही. फेकून द्यायचं असेल तर खुशाल फेक. बाओ-चू ते कचऱ्यातून काढून तुला मोठ्यानं वाचून दाखवणार आहे. आमचं तसं ठरलंय. बायकोशी भांडायचं असेल तर भांड, पण मग जेवायला स्वतःच वाढून घे.

अक्षर वाकडं आलंय तिकडे लक्ष देऊ नकोस. उजव्या मनगटाला जरा लागलंय. बाजारात ओल्या फरशीवरून पाय घसरला. विशेष काही नाही.

घरची खबरबात अशी. दाजी बरे आहेत. इतके बरे आहेत की तू ओळखणार नाहीस, ते पुढे येईलच. त्यांचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान चाललंय. सासूबाई नव्वदीला टेकल्या. कान गेले, दात गेले, पण शेजारी काय शिजतंय ते भिंतीपलीकडून अजून बरोबर कळतं. आपल्या आजीची काठी माझ्या दाराआड उभी असते. परवा झुरळ मारायला काढली आणि तुझी फार आठवण झाली.

आता मुद्द्यावर येते. मे महिन्यापासून तू रुसलायस. कारण काय, तर बाबांच्या श्राद्धाला मी त्यांच्या ताटात सोयाबीनचं नकली मांस ठेवलं. तू डोंगर ओलांडून थायतुंगहून गाडी हाकत आलास, मांडीवर बाबांच्या खाण्याच्या गाड्यावरच्या, आता तू चालवतोस त्या पातेल्यातल्या रश्श्याचा डबा सांभाळत, आणि देवघरात ते ताट बघून सगळ्यांसमोर ओरडलास, "ताई, बाबा जाऊन एकोणचाळीस वर्षं झाली, आता त्यांना पथ्यावर बसवतेस?" मग कौलाच्या, चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन लाकडी कोरी उचलून बाबांनाच विचारलंस की हे जेवण तुम्हाला चाललं का. तिन्ही वेळा दोन्ही कोरी पालथ्या. म्हणजे नाही, नाही आणि नाही. तू डबा न उघडता उचललास आणि चालता झालास. दाजी तो डबा गेला त्या दिशेला बराच वेळ बघत उभे होते.

मी ते ताट तसं का मांडलं, हे तू विचारलंच नाहीस. आता ऐक.

नव्या वर्षाच्या मेजवान्या संपल्या आणि मार्चमध्ये आमच्या वस्तीत ती फुकटची सरकारी तपासणी होती. उपाशी पोटी रक्त द्यायचं. फुकट म्हटल्यावर दाजी रांगेत पहिले. महिन्याभरात दोघांचे कागद आले. दाजींचा कागद जवळजवळ सगळा काळा, एखादाच आकडा काठावर. माझ्या कागदावर मात्र लाल शाई सांडल्यासारखी. एकूण कोलेस्टेरॉल लाल. एलडीएल म्हणून एक असतं, ते तर इतकं लाल की शेजारी दोन बाण काढलेले.

आता तूच सांग. दाजी कसे, तर खाली वाकले की स्कूटरचं चाक दिसायचं बंद होतं. मी कशी, तर वारा आला की दार धरून उभी राहणारी. दाजी रोज दुपारी दुधाचा गोड चहा, तळाशी साबुदाण्याच्या गोळ्या घालून, आणि संध्याकाळी बिअरसोबत तळलेलं कोंबडीचं कातडं. आणि कोलेस्टेरॉल मला?

दाजी कागद हलवत म्हणाले, "बघ बाई, रक्त खोटं बोलत नाही."

"रक्त नाही बोलत खोटं," मी म्हटलं, "पण नळीवर नावं चिकटवणारी पोरगी अर्धवट झोपेत होती. मी पाहिलंय तिला जांभई देताना. तुमचा कागद मला आलाय."

"माझं नाव छापलंय त्यावर."

"नाव छापलंय. पोट कुणाचंय?"

 त्यांनी पोटाकडे पाहिलं आणि त्यांनाही ते पटलं. सगळ्या गल्लीला पटलं. आपल्या लोकांचं असंच आहे, जाडा माणूस दिसला की दुसरा पुरावा लागत नाही.

तोवर सासूबाईंनी "लाल" एवढाच शब्द ऐकला. घरात अवदसा शिरली म्हणाल्या आणि काठी टेकत निघाल्या बाजारात. तुला ठाऊक आहेच, तुरुंगातून सुटलेला असो, अपघातातून वाचलेला असो, नोकरी गेलेला असो, आपल्याकडे सगळ्या अवदसेवर औषध एकच: डुकराचे पाय आणि शेवया. दुपारभर शिजवले. कागद माझ्या नावाचा, म्हणून वाडगा माझ्यापुढे. कातड्यासकट, चरबीसकट, सासूबाई समोर बसून. ओठाला ओठ चिकटले माझे. कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून डुकराचे पाय खाणारी मी पहिलीच नसेन, पण शेवटची असावी अशी इच्छा आहे.

आणि दुसऱ्या दिवसापासून दाजींना मी पथ्यावर बसवलं. डुकराची चरबी वितळवून ठेवायचा डबा घासून त्यात सुतळ्या ठेवल्या. उकडलेला कोबी, वाफवलेला मासा, टोफू, सकाळी ओट्सची पेज. गोड चहा बंद, बिअर बंद. पहाटे शाळेच्या मैदानाला फेऱ्या. दाजी दुकानात बसून रडायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं आमच्यात कुणीतरी गेलं.

एक अडचण होती. महिन्यातून दोनदा दुकानापुढे भूदेवतेचा नैवेद्य मांडायचा असतो: कोंबडी, मासा आणि डुकराच्या मांसाचा लादीएवढा तुकडा. देवानं वास घेतला की ते घरच्यांनी खायचं. दाजी पथ्यावर, सासूबाईंना दात नाहीत, आणि देवाचं टाकायचं नाही. मग कुणी खायचं? तुझी ताई आहेच. आपलं रक्त स्वच्छ आहे ही खात्री असल्यामुळे मी ते मन लावून खाल्लं.

अशा त्या दिवसांत बाबांचं श्राद्ध आलं. खरं मांस मांडलं असतं तर ते संपवायला दाजी पुढे झाले असते, म्हणून मी नकली मांडलं. झालं एवढंच. तू त्याचा केवढा बभ्रा केलास!

असो. तुमच्या थायतुंगलाही ती फुकट तपासणी असते म्हणे. सहज म्हणून करून ये. सुईला घाबरत असशील तर बाओ-चूला बरोबर ने.

पातेल्याला जप. तुलाही जप.

तुझी ताई,
यूलुआन


थायनान, २९ ऑक्टोबर

चि. आ-श्योंग,

तुझं उत्तर मिळालं. चिठ्ठी नाही, फोन नाही. थर्माकोलच्या खोक्यात बर्फासकट दोन मोठे डबे, बाबांच्या पातेल्यातलं रस्सा-मांस. आणि कुरियरच्या कागदावर, आत काय आहे असं विचारतात तिथं, तुझ्या अक्षरात: "औषध".

कुरियरवाला म्हणाला, "काकू, तुमचं औषध गळतंय. चक्रीफुलाचा वास येतोय."

मी हसले. काय करू, आलं हसू. लहानपणीही तू असाच होतास, बोलायचं नसलं की काहीतरी आणून पुढ्यात टाकायचास. एकदा जिवंत खेकडा टाकला होतास. दोन्ही डबे मी बर्फात ठेवलेत. दाजी दिवसातून एकदा बर्फाचं कपाट उघडून त्यांचं दर्शन घेतात आणि बंद करतात.

मागच्या पत्रात मी गोष्ट अर्धीच सांगितली. उरलेली सांगते.

जूनमध्ये दोघांनी पुन्हा रक्त दिलं. या वेळी मी स्वतः त्या पोरीच्या डोक्यावर उभी राहून नळ्यांवरची नावं वाचली. मग आम्ही दोघं डॉक्टर शियेबाईंकडे गेलो. अगदी मुलगी शोभेल एवढ्या वयाची बाई, पण बघते ती आजीसारखी.

"काका, अभिनंदन," ती म्हणाली. "सगळं उत्तम. वजन उतरलंय, चरबी उतरलीय. काय केलंत?"

दाजींनी माझ्याकडे बोट केलं. 

"आणि काकू, तुमचं एलडीएल मार्चपेक्षा वाढलंय."

मी म्हटलं, "कागद पुन्हा बदललेत तुमच्याकडे."

"काकू, कागद मार्चमध्येही बदलले नव्हते."

 मग दाजी खुर्चीवरून उठले. असा माणूस मी चाळीस वर्षांच्या संसारात पाहिला नव्हता. "म्हणजे इतके महिने," ते म्हणाले, "इतके महिने मी हिच्या वाटणीचा कोबी खाल्ला?" चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. बाहेरच्या बाकावरच्या बायका दारातून डोकवायला लागल्या. त्यांना दाजींनी उभ्या उभ्या सगळी कहाणी सांगितली, कोबीसकट. परत येताना त्यांनी मोठा पेला गोड चहा घेतला. मी काय तोंडानं बोलणार? गंमत म्हणजे अर्धाच प्याले. म्हणाले, "जीभ बिघडवलीस तू माझी, फार गोड लागतंय." पहाटेच्या फेऱ्याही त्यांनी सोडलेल्या नाहीत. आता मैदानावर दोस्त झालेत.

पण मला सांगायचंय ते पुढचं. डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं, ते मी तुला आपल्या भाषेत सांगते. एलडीएल म्हणजे घरोघर पार्सलं टाकणारी पोरं. पार्सल लागतंच, पण घरात घ्यायला कुणी नसलं की ती जिन्यात टाकून जातात आणि जिना बुजतो. एचडीएल म्हणजे संध्याकाळी गाणं वाजवत येणारी कचऱ्याची गाडी, ती आवरून नेते. म्हणून ते जास्त असलेलं चांगलं. गोड, बिअर, तळण कमी केलं, चाललं-फिरलं, सिगारेट सोडली, की पार्सलं कमी होतात आणि गाडी वेळेवर येते. दाजींचं तसं झालं.

"मग माझं का नाही होणार?" मी विचारलं. "मीही कोबी खाते. यांच्याइतका रडत नाही खाणार."

"खा, जरूर खा. थोडं उतरेल. नैवेद्याचं मांस बंद केलंत तर आणखी थोडं," ती म्हणाली. "पण एवढा मोठा आकडा नुसत्या खाण्यानं येत नाही, काकू. काही घरांत पार्सल आत घ्यायची दारंच जन्मतः कमी असतात. वडील आहेत?"

"नाहीत."

"कशानं गेले?"

मी सांगितलं, "चुलीची जागा बदलली म्हणून."

तिचं पेन थांबलं. मी तिला समजावून सांगितलं की बाबांनी गाड्यावरची चूल उत्तरेकडून हलवली आणि त्याच महिन्यात हातात पळी असताना ते कोसळले. गिऱ्हाइकाचा भात वाढायचा राहिला. सगळ्यांना माहीत आहे.

"आणि काका वगैरे?"

"धाकट्या काकांना देवीनं नेलं. मिरवणुकीत पालखी खांद्यावर होती. एवढं भाग्य कुणाला मिळतं?"

"वयं?"

"बाबा एक्कावन्न. काका सेहेचाळीस."

तिनं पेन खाली ठेवलं. "काकू, चूल आणि देवी दोघींनाही आपण जरा बाजूला ठेवू," ती म्हणाली. मग ती चक्क खाली बसली, माझी चप्पल काढली आणि टाचेच्या मागची शीर दोन बोटांत धरून पाहिली. "ही अशी जाड पहिल्यापासून आहे?"

मी अभिमानानं सांगितलं, "आमच्या घराण्याची टाच आहे ती. जमीनदाराची टाच."

आठवतं ना, आजी काय म्हणायची? टाचेची दोरी जाड तो माणूस स्वतःच्या जमिनीवर उभा राहतो. बाबांची तशी होती, काकांची होती. आईविना पोर म्हणून तुला मांडीवर घेऊन आजी तुझ्या टाचा कुरवाळायची आणि शेजारणींना दाखवायची. शाळेचे बूट तुला चावायचे म्हणून मी तुझ्या टाचेला फडकं बांधायची, तरी आम्ही त्याला भाग्यच म्हणायचो. आ-श्योंग, ते भाग्य नव्हतं. तेच साठत होतं तिथं. शिरेत साठतं तसं आतल्या नळ्यांतही साठतं. डॉक्टरीणबाई म्हणाली, पुरुषांना हे लवकर गाठतं, बायकांना दहा-एक वर्षं उशिरा.

मग तिनं विचारलं, "भावंडं किती?"

मी म्हटलं, "एकच. धाकटा."

"त्याला आणा."

तपासणी करून ये, असं मी मागच्या पत्रात सहज म्हणून लिहिलं होतं. सहज नव्हतं. तू एकोणपन्नासचा. नऊचा फेरा वाईट म्हणून देवळात जाऊन दिवा लावून आलास, हे बाओ-चूनं मला सांगितलं. दिवा लावलास ते चांगलं केलंस, आता नळीभर रक्तही दे. आपण दोघं एकाच ड्रॅगनच्या वर्षातले, बारा वर्षांच्या अंतरानं, म्हणून दोघंही हट्टी, हे मला कळतं. पण एका हट्ट्यानं आधी वाकायचं तर ते धाकट्यानं वाकावं.

मला गोळ्या लिहून दिल्या. त्यांचं काय झालं ते राहू दे.

तुझी ताई


थायनान, १६ नोव्हेंबर

आ-श्योंग,

बाओ-चूचा फोन आला तेव्हा तू मागे ओरडत होतास ते मला स्वच्छ ऐकू आलं. "तिला सांग, बाबांना विचार म्हणावं! लागोपाठ तीन कौल दिले तर जाईन, नाहीतर त्या डॉक्टरणीला माझ्या टाचेचं नाव काढू देऊ नकोस!"

ठीक आहे म्हटलं. ठेवला फोन आणि लागले तयारीला.

सकाळी आंघोळ करून देवघरात उदबत्ती लावली. साक्षीला दाजी आणि सासूबाई. कोरी हातात घेतल्या आणि विचारलं, "बाबा, आ-श्योंगनं रक्त तपासावं का?" टाकल्या. दोन्ही उताण्या. म्हणजे हसरा कौल, धड हो नाही, धड नाही नाही. बाबा हसत होते.

दाजी म्हणाले, "प्रश्न नीट विचार. कुठला आ-श्योंग? जगात काय एकच आहे?" म्हणून मी तुझं पूर्ण नाव, जन्मवेळ, थायतुंगचा पत्ता, बाजाराच्या मागची दुसरी गल्ली, सगळं सांगितलं. पुन्हा टाकल्या. पुन्हा हसले. तिसऱ्यांदा दोन्ही पालथ्या. नाही.

 सासूबाई म्हणाल्या, "उपाशी माणसाला प्रश्न विचारते बया. मे महिन्यापासून जेवलाय का तो?"

खरंच की! तुझं "औषध" बर्फातून काढलं. गरम केलं. सगळ्या घरात तो वास, आ-श्योंग. बाबांच्या गाड्यामागे बाकावर तू झोपायचास आणि मी भांडी घासायची, तोच वास. दाजी डोळे मिटून भिंतीला टेकून उभे राहिले. पांढऱ्या भातावर रस्सा घालून मी वाडगा बाबांपुढे ठेवला आणि म्हटलं, "बाबा, तुमच्या लेकानं केलंय. चव जमलीय का?"

एक उताणी, एक पालथी. हो.

पुन्हा टाकल्या. हो. पुन्हा. हो! लागोपाठ तीन! सासूबाई टाळ्या वाजवायला लागल्या. दाजी म्हणाले, "मिळाले तीन, लिही त्याला!"

"अहो, पण ते तपासणीला नाहीत मिळाले. रश्श्याला मिळालेत."

मग मी परत तपासणीचं विचारलं. बाबा परत हसले.

मी तुला खोटं लिहू शकले असते. तीन कौल मिळाले, जा. कोण बघायला येणार होतं? दाजींनी तर शपथेवर सांगितलं असतं. रात्रभर मनात तेच घोळत होतं. पण बाबांच्या फोटोसमोर बसून त्यांच्या नावानं खोटं लिहिणं हातून झालं नाही. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी विचारतेय कुणाला? रश्श्याचं विचारलं तर बाबांनी चटकन सांगितलं, कारण रस्सा त्यांना कळायचा. ज्या माणसाला स्वतःच्या छातीत काय चाललंय ते पळी हातातून पडेपर्यंत कळलं नाही, त्याला तुझ्या रक्तातलं काय विचारायचं? ते हसणारच. त्यांना ठाऊकच नाही.

मला ठाऊक आहे. म्हणून मीच सांगते.

माझ्या मनगटाला लागलं नव्हतं. बाजारात पाय घसरला नव्हता.

गोळ्या मी घेतल्या नाहीत. जूनपासून चहाच्या डब्यामागे पडून होत्या. भाजीवालीनं सांगितलं की एकदा सुरू केल्या की जन्मभर सुटत नाहीत आणि मूत्रपिंडं जातात. मी भाजीवालीचं ऐकलं. डॉक्टरीणबाईंना सांगत राहिले, घेते हो, रोज घेते. पथ्य सुरू केलं, फेऱ्या सुरू केल्या, म्हटलं दाजींचं उतरलं तर माझंही उतरेल, मी काय त्यांच्यापेक्षा कमी आहे? सप्टेंबरच्या शेवटी मासळीच्या गाळ्यावर उभी होते. जबडा दुखायला लागला. दाढ असेल म्हणून मी मासेवालीशी भावावरून हुज्जत घालत राहिले. मग घाम फुटला, आणि हुज्जत जिंकत आले होते तरी मी खाली बसले. मासेवालीनं मला पाहिलं आणि मी म्हणेन तो भाव कबूल केला. तेव्हाच मला कळलं की काहीतरी गंभीर आहे.

मनगटातून तार घालून हृदयापर्यंत नेली आणि बुजलेल्या नळीत जाळीचं नळकांडं बसवलं. दाजींनी डॉक्टरला विचारलं, "गंजत नाही ना?" तो नाही म्हणाला तेव्हा कुठे ते रडले. घरी आले तर सासूबाईंनी दवाखान्यातून सुटल्याबद्दल डुकराचे पाय आणि शेवया तयार ठेवलेल्या. दाजी जन्मात पहिल्यांदा आईला म्हणाले, "आई, हे हिला नाही चालणार." मी नुसत्या शेवया खाल्ल्या. सासूबाईंनी वाडगा स्वतःकडे ओढला आणि दात नसताना ते पाय तासभर चघळत बसल्या. म्हणाल्या, अवदसा कुणीतरी घालवायला हवीच.

हे तुला कळू द्यायचं नव्हतं. तू घाबरशील म्हणून नाही. तू म्हणशील, बघा, सोयाबीन खाऊन हिचंच हे झालं, म्हणून. आता म्हण हवं तर.

आता गोळी रोज घेते. दाजी समोर उभे राहून "आ कर" म्हणतात आणि जिभेखाली बघतात. कोबीचा सूड घेतायत. मागच्या आठवड्यात आकडा पहिल्यांदा खाली आलाय. पुरता नाही, पण आलाय.

त्या टेबलावर मी जागी होते. वर पडद्यावर माझीच नळी दिसत होती. मला वाटलं होतं अशा वेळी बाबा आठवतील. ते नाही आठवले. टाचेला फडकं बांधून शाळेत निघालेला तू आठवलास. आ-श्योंग, मला फार भीती वाटली, आणि ती माझ्यासाठी नव्हती. मी एकसष्टची आहे, माझा जिना बुजताना आरडाओरडा करायला सगळा मासळी बाजार होता. तू पहाटे एकटा पातेल्यापाशी असतोस.

श्राद्धाचा तह करते. पुढच्या वर्षी बाबांच्या ताटात खरंच मांस, तुझ्याच पातेल्यातलं. मी ब्रही काढणार नाही. पण तू तुझ्या रक्ताचा कागद घेऊन ये. पातेलं बंद कर असं मी कधी म्हणणार नाही. वाढ लोकांना, तूच रोज चरबीचा वाडगा भरून खाऊ नकोस, म्हणजे झालं.

आणि एकच गोष्ट, मग पत्र बंद करते. बाबांच्या वेळी तू दहा वर्षांचा होतास, माझ्या पाठीमागे लपून बघत होतास. आजीला कुणी उदबत्ती धरू दिली नाही. मोठ्यांनी धाकट्यापुढे उदबत्ती धरायची नसते. तिच्या हातात तिची काठी दिली आणि तिनं रिवाजाप्रमाणे बाबांच्या शवपेटीवर काठी मारली, आईच्या आधी गेलास म्हणून. तू मला विचारलंस, "आजी बाबांना का मारते?" मी तुला काही उत्तर दिलं नाही. आईचं तोंड तुला आठवत नाही, तुला वाढवलं आजीनं आणि मी. आजी नाही आता. म्हणजे ती काठी कुणाच्या हातात येईल, ते तुला कळतं.

माझं मनगट अजून दुखतं. आणि मी आजीपेक्षा जोरात मारते, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही.

काठी दाराआड उभी आहे. ती झुरळांसाठीच राहू दे.

तुझी ताई,
यूलुआन